सकाळी सुरू न होणारा डेस्कटॉप: जानेवारीच्या नोंदी, अमळनेर

४ जानेवारी

मशीन घरी जोडलेलं. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी-५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर-४ रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणजे संशयित एकाने कमी. हे सगळं दोन वर्षांपूर्वी नवं घेतलेलं. कॅबिनेट आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र आधीच्या मशीनचा, आठ वर्षांहून जुना. 'चालतोय तर राहू दे' म्हणून ठेवलेला.

तक्रार अशी: सकाळी बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा पाव वेढा फिरतो, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो आणि सगळं थांबतं. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून दहा-पंधरा सेकंदांनी चालू केला की पुन्हा पाव वेढा. आज सकाळी ७ वाजता सातव्या खेपेला सुरू झालं. दुपारी बंद करून तासाभराने दाबलं, पहिल्याच खेपेला सुरू. एकदा सुरू झालं की दिवसभर हँग नाही, रीस्टार्टलाही अडचण नाही. डिसेंबरच्या मध्यापासून हे असंच चाललंय.

'पीसी चालू होत नाही' या एका वाक्यात तीन निरनिराळे आजार मोडतात. पंखा फिरत राहतो पण स्क्रीन काळी, हा रॅम, प्रोसेसर किंवा बायोसचा (बोर्डावरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा) प्रांत. स्क्रीन येते पण विंडोज येत नाही, हा डिस्कचा. पंखाच टिकत नाही, हा विजेचा किंवा शॉर्टचा. इथे तिसरा आहे. रीस्टार्ट बिनतक्रार होतो हा मोठा पुरावा, कारण रीस्टार्टमध्ये एसएमपीएस बंद होतच नाही. म्हणजे अडचण चालण्यात नाही, उठण्यात आहे.

रॅम काढून खोडरबराने घासायचा मोह टाळला. दिवसभर बिनचूक चालणाऱ्या रॅमचे पाय घासून काही मिळत नाही.

५ जानेवारी

आधी भिंत, मग मशीन. पीसीचा प्लग एक्स्टेंशन बोर्डात होता, तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटात लावला. पॉवर कॉर्ड बदलून पाहिली. फरक नाही.

मल्टीमीटर ७५० व्होल्ट एसी रेंजवर ठेवून सॉकेटाचं माप, सकाळी पावणेसात वाजता: फेज-न्यूट्रल २०४. दुपारी १ वाजता तेच २३१. सध्या गहू-हरभऱ्याला पाणी चालू आहे, पंप लागले की व्होल्टेज उतरतं. ही नोंद महत्त्वाची, पुढे लागेल.

न्यूट्रल-अर्थ हे माप चिंतेचं निघालं. पीसीचा प्लग लावलेला असताना ९६ व्होल्ट. धड अर्थिंगला ते दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. ९६ म्हणजे फेज-न्यूट्रलच्या जवळपास निम्मं, आणि हा 'निम्मा' आकडा ओळखीचा आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, दुसरा न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थची वायर कुठे तरी तुटलेली असेल तर ते दोघे मिळून कॅबिनेटला मधोमध टांगून ठेवतात. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच्याच. अर्थिंगचा खड्डा नुसता कोरडा असता तर इतकं व्होल्टेज चढलं नसतं, कारण त्या कपॅसिटरांतून जेमतेम मिलीअँपिअरच्या अंशाएवढाच करंट जातो. एवढं चढलंय म्हणजे वायरच सुटलेली आहे.

वायरमनला निरोप दिला.

६ जानेवारी

प्लग काढून कॅबिनेट उघडलं. आत कापसाची लव, गादीसारखी. मागच्या रस्त्याने जिनिंगच्या गाड्या जातात, सीझनमध्ये हे व्हायचंच. मऊ ब्रशने झाडलं, ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली. नाही तर पंखा भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग जातं.

समोरचं बटण तपासलं. फ्रंट पॅनलच्या नऊ पिनांच्या जागेवरून पॉवर आणि रीसेट दोन्ही जोड काढले आणि ६ व ८ क्रमांकाच्या पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडल्या. रीसेटचा जोड काढणं लोक विसरतात. रीसेटचं बटण आत अडकलेलं असेल तरी मशीन सुरू होत नाही. इथे तसं नव्हतं, बटणं निर्दोष.

२४ पिनांचा मुख्य जोड आणि प्रोसेसरचा १२ व्होल्टचा जोड काढून पुन्हा खटका बसेपर्यंत दाबले. बोर्डावर प्रोसेसरसाठी आठ पिनांची जागा आहे, या जुन्या एसएमपीएसला चारच पिना. ६५ वॉटच्या प्रोसेसरला चार पुरतात, म्हणून त्याला दोष नाही.

बोर्ड बाहेर काढला तेव्हा एक चूक सापडली. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणारी खुंटी) एक जास्त होता. जुन्या पूर्ण आकाराच्या बोर्डासाठी लावलेला, या लहान बोर्डाला तिथे भोकच नाही. म्हणजे तो बोर्डाच्या पाठीला टेकत होता. टेकल्याचा गोल ओरखडा हिरव्या लेपावर दिसतो, तांबं उघडं पडलेलं नाही. स्टँडऑफ काढला.

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. त्याची चकचकीत पिशवी खाली घालायची नाही, तिचा बाहेरचा थर थोडी वीज वाहतो. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम (प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटात), बाकी सगळं सुटं. दुपारी अडीच वाजता पिना जोडल्या, पहिल्याच खेपेला सुरू.

आणि इथेच फसायला होतं. 'स्टँडऑफचा शॉर्ट होता, निघाला' असं लिहून वही मिटता आली असती. पण दुपारी हे मशीन तसंही सुरू होत होतं. आजार सकाळचा, तर परीक्षाही सकाळीच हवी. बोर्ड खोक्यावरच ठेवला.

७ जानेवारी

सकाळी ६.५०. खोलीत १३ अंश, सॉकेटला २०३ व्होल्ट. खोक्यावरचं मशीन: पाव वेढा आणि बंद. सहाव्या खेपेला सुरू. स्टँडऑफ सुटला, कॅबिनेट सुटलं, बटण सुटलं. उरले एसएमपीएस, बोर्ड आणि भिंत.

दुपारी वायरमन आला. खड्ड्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाला, "दादा, खड्डामा पानीच नही शे, आनि वायर तं पार सडी गई." क्लँपपाशी तांब्याची वायर हिरवी पडून तुटलेली, नट गंजून गळालेला. नवा क्लँप, नवी वायर, खड्ड्यात दोन बादल्या पाणी. मग त्याने १०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला, लख्ख पेटला. ही परीक्षा वायरमननेच करावी, आणि करताना घरातले बाकीचे प्लग काढलेले असावेत. अर्थ तुटलेली असेल तर त्या बल्बमधून घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या बॉडीवर फेज येतो. घरात ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, तेही बरोबरच.

न्यूट्रल-अर्थ आता १.४ व्होल्ट. झिणझिण्या गेल्या. पीसीचा मूळ आजार यामुळे बरा होईल अशी अपेक्षा नाही. सुरू होण्याचा अर्थिंगशी संबंध नसतो. पण हे निघालं ते बरं झालं.

८ जानेवारी

सकाळी अपेक्षेप्रमाणे तेच. आता मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी सुई एसएमपीएसच्या पत्र्याला, लाल सुई २४ पिनांच्या जोडाच्या मागून वायरशेजारी घुसवून. जोड बोर्डात बसलेलाच ठेवायचा. मोकळ्या जोडावर घेतलेलं माप खोटा दिलासा देतं, कारण तिथे भारच नसतो.

बघायच्या वायरी तीनच:

जांभळी, पिन ९. स्टँडबायचे ५ व्होल्ट. पीसी बंद असतानाही हजर. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवेत.
हिरवी, पिन १६. बंद असताना वर, बटण दाबल्यावर बोर्ड तिला शून्याजवळ ओढतो. तोच एसएमपीएसला 'ऊठ' हा इशारा.
राखाडी, पिन ८. 'माझी वीज ठीक आहे' हे एसएमपीएस बोर्डाला या वायरीने कळवतो. १०० ते ५०० मिलिसेकंदांत ५ व्होल्टच्या आसपास यायला हवी.

सकाळी ६.४५, खोली १२ अंश: जांभळी ४.३१. बटण दाबताच ३.६ पर्यंत कोसळते. हिरवी खाली जाते आणि लगेच वर येते. राखाडी शून्यावरून हलतच नाही.

दुपारी १.३०, खोली २५ अंश: जांभळी ४.९२, दाबल्यावर ४.८६. हिरवी खाली जाऊन तिथेच थांबते. राखाडी ५.०.

चित्र उलगडलं. बटण ओळखणारं बोर्डाचं डोकं स्टँडबायच्या ५ व्होल्टवर चालतं. बोर्ड हिरवी वायर खाली ओढतो, मुख्य भाग उठू लागतो, पंखा हलतो. तेवढ्यात स्टँडबाय बसतो, बोर्डाचीच शुद्ध हरपते आणि त्याच्या हातून हिरवी वायर सुटते. पाव वेढ्याचं गूढ एवढंच.

आणखी एक खूण: कीबोर्ड, माऊस आणि यूएसबीला लावलेला फोन काढला तर सहा-सात खेपांऐवजी तिसऱ्या खेपेला सुरू होतं. पीसी बंद असताना यूएसबीला मिळणारी वीज याच जांभळ्या वायरीतून जाते. भार हलका केला की स्टँडबाय थोडा सावरतो.

एसएमपीएसवर बोट ठेवण्याइतका पुरावा झाला. पण सकाळी दोन गोष्टी एकदम बदलतात, थंडी आणि उतरलेलं व्होल्टेज. व्होल्टेज कारण असेल तर नवा एसएमपीएसही तेच करू शकतो. पैसे घालण्यापूर्वी दोघांना वेगळं करायला हवं.

९ जानेवारी

आज थंडी तीच, व्होल्टेज बदललं. फ्रीजचा स्टॅबिलायझर आणून मध्ये लावला. हे मशीन पूर्ण भारालाही सव्वाशे वॉटच्या आसपासच ओढतं, स्टॅबिलायझरला ते काहीच नाही. घरचा इन्व्हर्टर मुद्दाम टाळला. तो स्क्वेअर वेव्हचा आहे, काही एसएमपीएस त्यावर बिथरतात आणि परीक्षेत तिसरंच काही तरी घुसतं.

खोली १२ अंश. स्टॅबिलायझरबाहेर २२९ व्होल्ट. जांभळी ४.३३. पाव वेढा, बंद.

व्होल्टेज सुटलं.

१० जानेवारी

आज उलट. स्टॅबिलायझर काढला, सॉकेटला २०४. खोली ११ अंश, या आठवड्यातली सगळ्यात गार सकाळ. सुरुवातीला जांभळी ४.२९. एसएमपीएसच्या जाळीतून हेअर ड्रायरची हवा, कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, चार मिनिटं. जांभळी हळूहळू चढली: ४.४५, ४.६१, ४.७९. बटण दाबलं. पहिल्याच खेपेला सुरू.

गुन्हेगार थंडी, आणि थंडीला फितूर झालेले एसएमपीएसचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्या आत ओला द्राव असतो. तो गार झाला की घट्ट होतो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. नव्या कपॅसिटरला याची झळ लागत नाही, हाताशी भरपूर राखीव असतं. वाळत आलेल्याला मात्र १२ अंशही जड जातात.

वाळला कशाने, तर उष्णतेने. १०५ अंशांवर २,००० तास असा छाप असलेला कपॅसिटर घेतला, तर दर १० अंश उताराला आयुष्य साधारण दुप्पट धरतात. आत ६५ अंश असतील तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. भरपूर वाटतात. पण स्टँडबायचा भाग पीसी बंद असतानाही दिवसाचे २४ तास जागा असतो. ३२,००० तास म्हणजे साडेतीन वर्षांपेक्षा थोडे अधिक. आणि मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते तेव्हा आत ६५ राहतील हा आशावाद झाला. म्हणून एसएमपीएसमध्ये सगळ्यात आधी थकतो तो बहुधा हाच छोटा स्टँडबायचा तुकडा, वॉटेज कितीही छापलेलं असो.

११ जानेवारी

डिसेंबरच्या मध्यापासूनच का, याचं उत्तर. तेव्हापासून घरात रात्री विजेच्या बोर्डावरचा पीसीचा स्विच बंद करायला सुरुवात झाली. त्याआधी एसएमपीएस रात्रभर जागा असल्याने स्वतःच्याच उबेवर राहायचा. काल रात्री स्विच मुद्दाम चालू ठेवला. सकाळी खोली १२ अंश, तरी जांभळी ४.६२, दुसऱ्या खेपेला सुरू.

एसएमपीएस बदलायला चार दिवस लागणार असतील तर एवढ्यावर काम निघेल. इलाज म्हणून हे चालवू नये. स्टँडबाय असाच बसत राहिला तर एखाद्या दिवशी कशानेच उठणार नाही.

१२ ते १४ जानेवारी

मामेभावाच्या मशीनचा ५०० वॉटचा एसएमपीएस उसना आणला, दोन वर्षं जुना. बोर्ड अजून खोक्यावरच. रात्री स्विच बंद, सकाळी माप.

१२: खोली १२, सॉकेट २०२, जांभळी ५.०६, पहिली खेप.
१३: खोली १३, सॉकेट २०६, जांभळी ५.०६, पहिली खेप.
१४: खोली १२, सॉकेट २१९ (संक्रांत, पंप उशिरा लागले), जांभळी ५.०७, पहिली खेप.

बोर्ड निर्दोष. एका सकाळीवर भागवलं नाही, कारण जुना एसएमपीएसही एखाद्या सकाळी दुसऱ्या खेपेला उठायचा.

१५ जानेवारी

जळगावहून, गोलाणी मार्केटमधून नवा आणला. ४५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा शिक्का). घेताना लेबलावर पाहिलेलं: इनपुट १०० ते २४० व्होल्ट, म्हणजे पंप लागल्यावरचे १९०-२०० त्याला खिजगणतीत नाहीत, १२ व्होल्टला ३६ अँपिअर, गुणाकार ४३२ वॉट, म्हणजे छापलेलं वॉटेज खरंच १२ व्होल्टवर मिळतं, प्रोसेसरसाठी ४+४ पिना, पाच वर्षांची वॉरंटी. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या हलक्या एसएमपीएसवर ४५० मोठ्या अक्षरात असतं आणि १२ व्होल्टचे अँपिअर बारीक अक्षरात, तेही पंधरा-सोळा. बारीक अक्षरच वाचावं.

६५० वॉटचा घ्या असा आग्रह झाला. सव्वाशे वॉटच्या मशीनला गरज नाही. तेच पैसे कपॅसिटरच्या दर्जात गेलेले बरे.

बसवण्याआधी मोकळ्यावर परीक्षा. हिरवी वायर एकच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या. हिरवी आणि शेजारची काळी कागदाच्या पिनेने जोडली. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे रंगावर न जाता मॅन्युअलमधली पिनांची आकृती बघून मोजायचं. भार म्हणून ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, पिवळ्या (१२ व्होल्ट) आणि काळ्या वायरीच्या मध्ये. पावणेदोन अँपिअर ओढतो. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब थेट लावू नये. गार फिलामेंट पहिल्या क्षणाला नेहमीच्या कैकपट करंट ओढतं, आणि चांगला एसएमपीएस त्याला शॉर्ट समजून बंद होतो. मग नव्या मालावर उगाच शंका.

२१ वॉटवर: १२ च्या वायरीला १२.०८, ५ च्या वायरीला ५.०४, ३.३ च्या वायरीला ३.३३. पाच टक्क्यांची मोकळीक धरली तर १२ ला ११.४ ते १२.६ चालतात. इथे त्याच्या खूप आत.

१६ जानेवारी

जोडणी. स्टँडऑफ आधी बोर्डाच्या भोकांवर मोजले, मग पत्र्यावर लावले: आठ भोकं, आठ स्टँडऑफ. नवव्याची रवानगी डब्यात. एसएमपीएसचा पंखा खालच्या जाळीकडे, कारण या कॅबिनेटला खाली गाळणी आहे. प्रोसेसरला आता आठही पिना.

जुन्या एसएमपीएसची एकही केबल नव्याला लावली नाही. ज्यांच्या केबल सुट्या निघतात त्यांच्या बाबतीत तर अजिबात लावू नये. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. जोड बसतो, पण ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळू शकते.

जुना एसएमपीएस उघडला नाही. जाळीतून टॉर्च मारला तर दुय्यम (बोर्डाला वीज देणाऱ्या) बाजूला दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली स्पष्ट दिसतात. उघडून बदलता येतात, पण आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. शिवाय दोन फुगलेले बदलले तरी त्यांच्याच वयाचे बाकीचे तसेच राहतात. बाजारात 'एक कपॅसिटर टाकून देतो' म्हणणारे मिळतील. ज्यावर बाकीचं सगळं मशीन टांगलेलं आहे त्या वस्तूत ही काटकसर पटत नाही. ई-कचऱ्यात.

२० जानेवारी

सकाळी ६.५०, रात्रभर स्विच बंद. खोली १२, सॉकेट २०१. जांभळी ५.०४, दाबल्यावर ४.९९. राखाडी ५.०. पहिली खेप. १७ पासून रोज पहिलीच.

मात्र आज घड्याळ मागे पडलेलं दिसलं. बोर्डावरची सीआर-२०३२ बॅटरी काढून मोजली, २.७१ व्होल्ट, नवी ३ च्या वर दाखवते. भिंतीचा स्विच रात्रभर बंद असला की बायोसचं घड्याळ सगळं या बॅटरीवर चालतं, एरवी ते काम स्टँडबाय करतो. बॅटरी बदलली, बायोसमध्ये तारीख-वेळ आणि रॅमचं प्रोफाइल (तिच्या वेगाची जुळणी) पुन्हा लावलं.

बाकी राहिलेलं: अर्थिंगच्या खड्ड्यात होळीनंतर दर पंधरा दिवसांनी पाणी. आणि मे महिन्यात दुपारी तीनला, खोली सगळ्यात तापलेली असताना, जांभळी वायर आणि एसएमपीएसमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान एकदा मोजून इथे लिहायचं.